कुठली गिरणी?

कॅसेट आली टॉवेलांच्या बदल्यात म्हणा.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून
चाळीस गाठी विलायतेला गेल्या,
आणि शेठचा धाकटा किरीट परतताना
खिशात ही घेऊन आला.
इलाहीभाईंच्या रेकॉर्डिंग सेंटरात
काउंटरवर ठेवून म्हणाला,
दोन कॉप्या काढ. आवाज फाटला तर फाटू दे,
मुळातच फाटका आहे.

मी तिथे आठवड्याला साठ रुपयांवर.
दिवसभर लग्नाची गाणी, तेलुगू भजनं, कव्वाल्या,
गड्ड्यावरच्या पाळणेवाल्यांसाठी
मोठ्या आवाजाची मिक्स.
हेडफोन लावला तर वाटलं हेड घासलंय.
स्पिरिटचा बोळा फिरवला. पुन्हा तेच.
पोरगा गात नव्हता, थुंकत होता,
आणि मागचे तिघं
एकमेकांच्या आधी पोचायच्या घाईत.

किरीटनं सांगितलं ते असं:
सत्त्याहत्तर साल. राणीच्या गादीला पंचवीस वर्षं,
रस्तोरस्ती पताका,
आणि पताकांखालून बेकारभत्त्याची रांग.
ही पोरं त्या रांगेतली.
वाद्यं हातात धरून धड वर्षही झालं नव्हतं.
शर्ट फाटला की शिवायचा नाही,
सेफ्टी पिन लावायची, दिसेल अशी.
कुणी गालातसुद्धा टोचून घेतली म्हणे.

माझ्या आईच्या बांगडीत
कायम पाच-सहा पिना लोंबायच्या.
पदराला एक, चपलेच्या अंगठ्याला एक.
पण त्या आतून लावलेल्या,
दिसू नयेत म्हणून.

त्या वर्षी इकडे भोंगा बंद पडला होता.
माणसं तरी पहाटे उठायची,
चपला घालून ओट्यावर बसायची.
गेटला नोटीस, नोटिशीवर पानाची पिंक.
त्या पोराच्या इंग्रजी शिव्या मला कळत नव्हत्या,
श्वास कुठे घ्यायचा नाही
तेवढं कळलं.

तिसरी कॉपी मी चोरून काढली.
कोऱ्या कॅसेटला पैसे कुठले,
घरातलीच एक जुनी घेतली.

यादगिरीमामा बत्तीस वर्षं साचेखात्यात जॉबर.
कान दोन्ही तिथेच ठेवून आलेला.
टेप लावला तरी भिंतीकडे बघत बसला.
मग काय वाटलं कोण जाणे,
तळवा स्पीकरच्या जाळीवर ठेवला.
बोटं हलली. मान हलली.
"एकशे नव्वदचा स्पीड," बहिऱ्याच्या मोठ्या आवाजात,
"धोटा आपटतोय. डावा पट्टा सैल आहे.
पण चालतंय, थांबवू नको."
मग डोळे उघडून:
"कुठली गिरणी बे ही?"

विलायतेची, मी म्हणालो,
ओठ नीट हलवून, दोनदा.
तो हसला. साचे तिथूनच तर आलेले,
बिडाच्या फ्रेमवर उठावाची अक्षरं,
बत्तीस वर्षं फडक्यानं पुसली,
वाचली एकदाही नाही.
"त्यांची पण बंद पडली का?"
हो.
"मग एवढा आवाज कुणाचा?"

मी व्हॉल्यूमच्या बटणाशी चाळा करत राहिलो.
शेवटचं गाणं संपलं.
पुढे चार मिनिटं टेप उरलेली,
तिथलं जुनं पुसायचं राहून गेलं होतं:
कधीतरी मशीन तपासायला म्हणून घरी भरलेलं.
सुपातल्या पानांची सळसळ,
आई विड्या मोजतेय,
इरवै-मूडु, इरवै-नालुगु,
आणि छाट जास्त काढणाऱ्या चेकरच्या नावानं
एक शिवी,
अगदी हळू, जुडीच्या दोऱ्यासारखी आवळून.

मामाचा हात अजून जाळीवरच.
कपाळाला आठी.
"सूत तुटलं," तो म्हणाला.
"बघतोस काय, जोड की."